सूर, ओमान

गावाचं नाव सूर. फोनवर सांगितलं तेव्हा
मावशी म्हणाली, बरं झालं, गाण्याचं गाव मिळालं.
गाण्याचं कुठलं. सुरमईचं, आणि खाऱ्या हवेचं,
जी शटरच्या पत्र्यापासून सोल्डरच्या टिपक्यापर्यंत
सगळं सावकाश चाटत बसते.

खल्फान लग्नांना स्पीकर भाड्याने देतो.
जुलैतलं तिसरं लग्न, आणि तिसऱ्यांदा
माझाच अ‍ॅम्प्लिफायर ढोलाच्या पहिल्या थापेला गप्प.
तो काही बोलला नाही. टेबलावर ठेवला,
कहव्याचा पेला माझ्याकडे सरकवला, बसून राहिला.
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

झाकण उघडलं. बोर्ड माझाच,
दोन वर्षांपूर्वी रात्री जागून आखलेला:
त्रिकोणी लाटेसाठी वेगळं घड्याळ,
घड्याळावर पहारा ठेवायला वेगळी चिप,
चिप तापू नये म्हणून पंखा,
पंखा थांबला तर कळावं म्हणून लाल दिवा.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
आणि त्याच पंख्याने अख्खा समुद्र आत ओढलेला,
चिपच्या पायांवर मीठ फुललेलं.
भाग मोजले. अठ्ठ्याऐंशी.
त्यातले निम्मे आवाजासाठी नव्हतेच,
माझ्या भीतीसाठी होते.

आमच्या खोलीत खाट एक, माणसं दोन.
टेकबहादूर बेकरीत रात्रपाळीला, मी दुकानात दिवसा.
साडेपाचला मी उठतो, चादर झटकतो.
पावणेसहाला तो येतो, भुवयांना पीठ.
मधली पंधरा मिनिटं खाट कुणाचीच नसते.
ती नसती तर रोज भांडण,
आणि लांबली तर कुणाची तरी झोप कापली जाते.
बोर्डावरच्या दोन मॉस्फेटचंही हेच:
एक वर ओढतो, एक खाली,
निमिषभर जरी दोघं एकदम जागे सापडले
तर धूर.
ती मधली रिकामी जागा राखायला
मी चौदा भाग कामाला लावले होते.
आता दोन्हीकडे एकेक डायोड, एकेक रेझिस्टर.
चादर झटकण्याइतकं काम.

घड्याळ काढायला मात्र आठवडा लागला.
हात जायचा, परत यायचा.
शेवटी काढलं,
आणि फिल्टरच्या पलीकडून एक तार उलटी आणली
कम्पॅरेटरच्या तोंडाशी:
बघ, मागितलं काय होतं, पोचलं काय.
त्याला उत्तर द्यायला जरा उशीर होतो,
फिल्टरला आणखी जरा.
ज्या उशिराला मी दोन वर्षं दोष म्हणत आलो
त्याच उशिरावर सर्किट आपसूक झुलायला लागलं,
सेकंदाला चार लाख वेळा.
ढकलायला कुणी नाही.

लगेच फुशारकी मारू नये.
शेजारच्या शिंप्याने हाक मारली,
त्याच्या रेडिओत बातम्यांवर खरखर.
जुना मी एखादी गुंडाळी वाढवली असती,
तिच्यावर पत्र्याचा डबा, डब्याला चार स्क्रू.
या वेळी जमिनीची तार दोन बोटं आखूड केली.
बातम्या स्वच्छ. मला एक शब्द कळला नाही,
पण शिंप्याने मशीन थांबवून मान डोलावली.

एकतीस भाग उरले. सत्तावन्न दूध पावडरच्या डब्यात.
पंख्याच्या भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकला.
खल्फानने डबा हलवून बघितला, खुळखुळा.
हे सगळं आत होतं?
हो म्हणालो. कान तापले.

पुढच्या गुरुवारी किनाऱ्यावर लग्न.
पुरुषांच्या दोन रांगा, मधे ढोल,
थाप पडली तेव्हा मी पोटात दचकलो.
आवाज उभा राहिला. मग राहिलाच.
मध्यरात्री झाकणावर तळहात ठेवला,
भाकरीचं पीठ मळून झालेल्या परातीइतकं कोमट.

परतायला सहा वाजून गेले.
खाट टेकची झाली होती.
पायरीवर बसून बूट काढले, वाळू झटकली.
खिशात जादा फ्यूज होता, रात्रभर मुठीत धरलेला.
तेवढा राहू दिला.